मदत हवी आहे: जावामध्ये सोयाबीनचा भाव बरोबर निघतो, कापसाचाच चुकतो. काहून?

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याजवळच्या एका गावात राहतो, बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या बाबांकडं ओलावा मोजायचं मीटर आहे. कापसाची गाडी भरायच्या आधी गावातले लोक मूठभर कापूस घेऊन येतात आणि विचारतात, 'एवढ्या ओलाव्याले भाव किती पडन?' बाबा तो हिशोब कागदावर मांडतात. तोच हिशोब मोबाईलवर व्हावा म्हणून मी जावा या प्रोग्रामिंग भाषेत प्रोग्राम लिहायला घेतला.

रचना अशी: 'शेतमाल' हा मूळ क्लास (म्हणजे साचा), त्याला एक्सटेंड करणारे, म्हणजे त्याच्यावरून बनलेले 'कापूस' आणि 'सोयाबीन'. हमीभाव आणि ओलावा शेतमालाच्या कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट (साच्यातून निघालेली वस्तू) बनताना चालणाऱ्या कोडमध्ये येतात. तिथंच 'कपातटक्के' ही मेथड (हिशोब करणारा कोडचा तुकडा) बोलावून निघालेला भाव साठवून ठेवतो. ही मेथड दोन्ही क्लासनी ओव्हरराइड केली आहे, म्हणजे आपापल्या परीनं नव्यानं लिहिली आहे. कापसाला ८ टक्क्यांपर्यंत कपात नाही, पुढं १२ पर्यंत दर टक्क्याला भावात एक टक्का कमी, १२ च्या वर खरेदीच नाही. सोयाबीनची मर्यादा १२ धरली, त्याच्यापुढं दर टक्क्याला एक टक्का.

आता गडबड बघा. लांब धाग्याचा कापूस, २०२५-२६ चा हमीभाव ८११० रुपये, ओलावा ११. तीन टक्के कापून ७८६६.७० यायला पाहिजे. प्रोग्राम दाखवतो ७२१७.९०, म्हणजे पूर्ण ११ टक्के कापले. क्विंटलमागं ६४८.८० रुपयांचा फरक! हा आकडा पाहून एखादा माणूस घाबरून मिळेल त्या भावात खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याले माल देऊन टाकील, म्हणून अजून कोणालेच दाखवला नाही.

कपातटक्के मेथडच्या आत मर्यादा छापून पाहिली तर ० येते. ऑब्जेक्ट तयार झाल्यावर छापली तर ८. सोयाबीनमध्ये दोन्ही वेळा १२. दोन्ही क्लास ओळीला ओळ लावून पाहिले. सोयाबीनमध्ये मर्यादेच्या आधी 'फायनल' (पुढं बदलता येणार नाही असं सांगणारा शब्द) लिहिलं आहे, कापसात राहून गेलं, एवढाच फरक. पण त्यानं हिशोब काहून बदलावा? दोन रात्री गेल्या, कोणी समजावून सांगा.

प्रतिसाद

भाऊ, तुझा पॉलिमॉर्फिझम (ज्याचा ऑब्जेक्ट त्याचीच मेथड चालणं) बरोबर चालला आहे, म्हणूनच ही चूक दिसते आहे.

कापसाचा ऑब्जेक्ट बनताना जावा आधी मेमरीत जागा घेते आणि सगळे आकडे शून्य करते. मग मूळ क्लासचा कन्स्ट्रक्टर पूर्ण चालतो. त्यानंतर कापसाच्या क्लासमधली 'मर्यादा = ८' ही ओळ चालते. तू कपातटक्के बोलावतोस ती मधल्या पायरीवर. ऑब्जेक्ट कापसाचा आहे, म्हणून जावा कापसाचीच मेथड उचलते, पण तिच्या हातात मर्यादा अजून ० आहे. काट्यावर गाडी चढायच्या आधीच पावती फाडल्यासारखं झालं. सी प्लस प्लस या दुसऱ्या भाषेत मूळ क्लासच्या कन्स्ट्रक्टरमधून मूळ क्लासचीच मेथड चालते. जावात तसं नाही.

सोयाबीन वाचलं ते फायनलमुळं. फायनल आणि समोर थेट १२ लिहिलेले, म्हणून कंपायलरनं (कोडचं भाषांतर करणाऱ्या प्रोग्रामनं) तो आकडा मेथडमध्येच बसवून टाकला. मर्यादा वाचायला कोणी गेलंच नाही. पण कापसाला फायनल लावून मोकळा होऊ नकोस. उद्या हीच मर्यादा फाइलमधून वाचायला घेतलीस की फायनल असूनही पुन्हा शून्य दिसेल.

कन्स्ट्रक्टरमध्ये फक्त दर आणि ओलावा साठव. 'भाव काढ' अशी वेगळी मेथड शेतमालात लिही, तिच्यातून कपातटक्के बोलाव. 'भाव काढ'ला फायनल ठेव, कपातटक्के मात्र शेतमालात ॲबस्ट्रॅक्ट (नुसतं नाव, आतला कोड प्रत्येक पिकाच्या क्लासनं लिहायचा) कर, म्हणजे उद्या तूर जोडताना ती लिहायची राहिली तर कंपायलरच अडवेल. आणि १२ च्या वरच्या कापसाला शून्य भाव दाखवू नकोस, 'आधी वाळवा' असा निरोप दे. शून्य वाचून शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो.

धागाकर्ता

दादा, जमलं! ७८६६.७० आले. बाबांनी कागदावर ताडून पाहिले. कापूस आणि सोयाबीन एकाच यादीत टाकून एकाच लूपमध्ये भाव काढले, कुठंही 'कापूस असेल तर' लिहावं लागलं नाही. आणखी एक विचारतो: मध्यम धाग्याचा २०२५-२६ चा हमीभाव ७७१० आहे. त्याच्यासाठी कापसाला एक्सटेंड करून नवा क्लास काढू का?

प्रतिसाद

नको. ओलाव्याचा नियम दोन्हीकडं एकच आहे, बदलतो तो फक्त दर, आणि दर तू कन्स्ट्रक्टरमधून देतोसच. कपातीची रीत वेगळी निघाली तेव्हाच नवा क्लास काढ. तुरीचं लिहून झालं की इथंच टाक, मी पाहतो.