बार्किंगचे खून आणि आपली एकांकिका

ए-३०२ : सर्वांना नमस्कार. आपल्या इमारतीच्या वार्षिक कार्यक्रमासाठी लिहीत असलेल्या एकांकिकेचा आराखडा काल या गटावर पाठवला आहे. लंडनच्या बार्किंग भागात २०१४ आणि २०१५ साली एका सीरियल किलरने चार समलिंगी तरुणांचे खून केले, त्या प्रकरणावर ती आधारलेली आहे. खुनी कोण हे शेवटच्या प्रवेशात उघड व्हावे, अशी रचना केली आहे. कृपया मोकळेपणाने मत कळवावे.

सी-५०३ : आराखडा दोनदा वाचला. संवादांवर तुझी चांगली पकड आहे, परंतु रहस्य तू चुकीच्या जागी ठेवले आहेस, असे मला मनापासून वाटते. या प्रकरणात खुनी लपलेलाच नव्हता. जून २०१४ मध्ये अँथनी वॉलगेट हा २३ वर्षांचा तरुण ज्या इमारतीच्या दाराबाहेर मृतावस्थेत सापडला, त्याच इमारतीत खुनी स्टीफन पोर्ट राहत होता आणि रस्त्यात कोणीतरी बेशुद्ध पडले आहे असा फोनही त्यानेच केला होता. तो खोटे बोलला हे पोलिसांना कळले, त्याबद्दल मार्च २०१५ मध्ये त्याला आठ महिन्यांची शिक्षा झाली आणि काही महिन्यांतच पायाला इलेक्ट्रॉनिक पट्टा लावून त्याला सोडूनही देण्यात आले. तोपर्यंत त्याच्या घरापासून चालत काही मिनिटांवर असलेल्या चर्चच्या आवारात गॅब्रिएल कोवारी आणि डॅनियल व्हिटवर्थ या आणखी दोघांचे मृतदेह सापडून गेले होते. नाव, पत्ता, खोटा जबाब असे सगळे कागदावर असताना चौथा तरुण, जॅक टेलर, सप्टेंबर २०१५ मध्ये मारला गेला. म्हणून प्रेक्षकांना खुनी पहिल्याच प्रवेशात दिसू दे आणि त्याला कोणी थांबवत का नाही, या प्रश्नाने त्यांना बेचैन होऊ दे.

बी-१०१ : मी चौतीस वर्षे पोलीस खात्यात काढली आहेत, म्हणून थोडी दुसरी बाजू मांडतो. अंगावर जखम नाही, झटापटीची खूण नाही आणि शरीरात अमली पदार्थ सापडतो, अशा वेळी कोणत्याही ठाण्यात प्रथम अकस्मात मृत्यूचीच नोंद होते. या प्रकरणात वापरलेले जीएचबी हे गुंगी आणणारे द्रव्य पेयात मिसळून दिले तर ते देणाऱ्याचा हात मृतदेहावर दिसत नाही. त्यामुळे पहिल्या मृत्यूबाबत तपास अधिकाऱ्यांना एकदम गुन्हेगार ठरवू नये.

सी-५०३ : काका, पहिल्या मृत्यूपुरते तुमचे म्हणणे मान्य करते. पण कोवारी २८ ऑगस्टला आणि व्हिटवर्थ २० सप्टेंबरला, म्हणजे अवघ्या २३ दिवसांच्या अंतराने, एकाच जागी सापडले आणि दोन्ही वेळा कुत्र्याला फिरवायला निघालेल्या एकाच बाईंना दिसले. व्हिटवर्थच्या हातात एक चिठ्ठी होती. कोवारीच्या मृत्यूला आपणच जबाबदार आहोत असे त्यात लिहिले होते आणि आदल्या रात्री आपण ज्याच्यासोबत होतो त्याला दोष देऊ नये, असेही म्हटले होते. त्या माणसाचा शोध घेतला गेला नाही. अक्षराची तज्ज्ञाकडून पडताळणी झाली नाही. ज्या निळ्या चादरीवर मृतदेह होता तीही वेळेवर तपासणीस गेली नाही.

बी-१०१ : चिठ्ठीत उल्लेख असलेल्या शेवटच्या सोबत्याला न शोधणे ही चूक मीही क्षम्य मानणार नाही. आत्महत्येच्या प्रकरणात मृत व्यक्तीला शेवटचे कोणी पाहिले, येथूनच चौकशी सुरू होते.

डी-२०४ : माझी शंका वेगळी आहे. कार्यक्रमाला लहान मुले आणि वृद्ध मंडळी असतात. समलिंगी व्यक्ती प्रथमच आपल्या रंगमंचावर येणार आणि त्याही खून, नशा व बळी याच संदर्भात येणार, यातून त्यांच्याविषयी गैरसमज वाढणार नाही का?

ए-७०१ : ताई, तुमच्या शंकेमागे आपुलकी आहे, म्हणून मी स्वतःबद्दल येथे प्रथमच लिहीत आहे. मी समलिंगी आहे आणि अकरा वर्षे या इमारतीत राहतो. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून प्रौढांचे परस्परसंमतीचे संबंध वगळले, त्याआधीच्या काळात माझ्या एका मित्राला ॲपवर ओळख झालेल्या माणसाने लुबाडले होते. घरी कळेल आणि पोलीस उलट आपल्यालाच प्रश्न विचारतील, या भीतीने त्याने तक्रार केली नाही. बार्किंगमध्ये मात्र मित्रांनी आणि नातेवाइकांनी तक्रारी केल्या, प्रश्न विचारले, आणि तरीही त्यांना गांभीर्याने घेतले गेले नाही. हा विषय टाळू नये, एवढीच माझी विनंती आहे. फक्त ते चौघे प्रेते होण्याआधी आपल्याला जिवंत दिसावेत.

डी-२०४ : दादा, तुम्ही हे आम्हाला सांगितलेत, त्याबद्दल मनापासून आभार. माझा आक्षेप मी मागे घेते.

सी-५०३ : हेच मला म्हणायचे होते. आराखड्यात त्यांना ‘बळी क्रमांक एक, दोन’ असे लिहिले आहे, ते कृपया काढून टाक. वॉलगेट फॅशनचे शिक्षण घेत होता, कोवारी स्लोव्हाकियाहून आलेला होता, व्हिटवर्थ स्वयंपाकी होता आणि टेलर फोर्कलिफ्ट चालवत असे. बीबीसीने जानेवारी २०२२ मध्ये दाखवलेल्या तीन भागांच्या मालिकेतही भर कुटुंबीयांवरच आहे. टेलरच्या बहिणींनी आधीच्या मृत्यूंची माहिती स्वतः शोधली आणि सीसीटीव्हीसाठी पोलिसांचा पिच्छा पुरवला, त्या चित्रणात टेलरसोबत दिसलेला उंच माणूस ओळखला गेला, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०१५ मध्ये पोर्टला अटक झाली. नोव्हेंबर २०१६ मध्ये ओल्ड बेली न्यायालयाने त्याला आजन्म, सुटकेविना कारावास दिला. पोलिसांच्या त्रुटींमुळे नंतरच्या तीन मृत्यूंना हातभार लागला असावा, असा निष्कर्ष मृत्यूचौकशीतील ज्यूरीने डिसेंबर २०२१ मध्ये नोंदवला. मुले समलिंगी नसती तर तपास वेगळा झाला असता, असे कुटुंबीयांचे ठाम मत आहे. तुझ्या नाटकाचा शोध घेणारी पात्रे त्या बहिणी आहेत, इन्स्पेक्टर नव्हे.

ए-३०२ : सर्वांचा मनापासून आभारी आहे. आराखडा नव्याने लिहितो. सुरुवात चर्चच्या भिंतीपाशी, सकाळी कुत्र्याला घेऊन आलेल्या बाईंपासून करावी, आणि दुसऱ्या प्रवेशात त्याच बाई, तोच कुत्रा, तीच भिंत पुन्हा दाखवावी, असे आता सुचते आहे.

सी-५०३ : उत्तम. त्या दुसऱ्या प्रवेशात निळी चादर शेवटपर्यंत रंगमंचावर राहू दे. पोलीस पंचनामा करून निघून जावेत आणि चादर तिथेच राहावी. तिच्याविषयी कोणाच्याही तोंडी एकही वाक्य घालू नकोस.