मदत हवी आहे: पीपीआरची लस वस्तीवर नेताना

नमस्कार मंडळी. जत तालुक्यात माझा छोटा जनावरांचा दवाखाना आहे. सकाळी ओपीडीत गाई-म्हशी, एखादं कुत्रं, आणि दुपारनंतर मोटारसायकलवर वस्त्या. इकडं माडग्याळ जातीच्या मेंढ्या भरपूर, त्यामुळं पीपीआरचं (शेळ्या-मेंढ्यांत पसरणारा जीवघेणा विषाणूचा रोग) लसीकरण हे मोठं काम.

अडचण अशी: माझ्याकडची बाटली १०० डोसची. एकदा द्रावणात मिसळली की बर्फावर ठेवूनही दोनेक तासांत संपवावी लागते, कारण लस जिवंत विषाणूची आहे, उन्हात मरते. वस्तीवर मेंढ्या तीस-चाळीस. पुढची वस्ती चार किलोमीटर लांब, आणि तिथं पोचेपर्यंत कळप चरायला गेलेला! उरलेली लस टाकून द्यायची वेळ येते. जीव तुटतो हो.

त्यात दवाखान्यातल्या फ्रिजची तऱ्हा वेगळीच. २ ते ८ अंश ठेवायचं, पण लाइट गेली की सगळा भरवसा बर्फाच्या लाद्यांवर. (परवा मदतनीस पोरानं त्यात स्वतःचा डबा आणि ताकाची बाटली ठेवली, दिवसभर दार उघड-झाक!)

तर विचारायचं असं की, तीन-चार वस्त्यांचे कळप एकाच ठिकाणी, भल्या पहाटे चरायला सुटायच्या आधी गोळा करायला मेंढपाळांना तुम्ही कसं तयार करता? "दुसऱ्याच्या मेंढ्यांत रोग असला तर?" असं ते विचारतात, आणि ते चूकही नाही. छोट्या बाटल्या नियमित कुठून मिळतात? आणि फ्रिजला इन्व्हर्टर की सोलर, ज्यांनी वापरलंय त्यांनीच सांगा.