प्रो मोटोक्रॉसच्या (जंप असलेल्या मातीच्या ट्रॅकवरच्या बाईक रेसच्या) दिवशी महिलांची रेस हवी का? हवी तर वेळापत्रकात कुठे बसवायची?

होलशॉट:
जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीला इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. ४५० सीसी आंतरराष्ट्रीय, २५० सीसी आंतरराष्ट्रीय, २५० भारत-आशिया मिक्स आणि ८५ ज्युनिअर असे चार क्लास होते. महिलांचा एकही नव्हता. युरोपात एमएक्सजीपीच्या (पुरुषांच्या जागतिक मोटोक्रॉस मालिकेच्या) वीकेंडला डब्ल्यूएमएक्स ही महिलांची मालिका २००८ पासून जागतिक अजिंक्यपद म्हणून धावते आहे. इकडे मात्र अजून "महिलांची रेस वेगळ्या दिवशी घ्या, प्रो इव्हेंटचा वेळ खाऊ नका" हेच ऐकू येतं. तत्त्वाची चर्चा भरपूर झाली, मला हिशेब हवा आहे. वेळ नक्की किती लागतो? ट्रॅक तोच चालतो का? बाईकमध्ये काय बदलावं लागतं? आणि जिथे हे फसलं, तिथे कशामुळे फसलं?

लॅपचार्ट:
माझं उत्तर स्पष्ट आहे: त्याच वीकेंडला, त्याच ट्रॅकवर, पण स्वतःच्या गेटने, म्हणजे वेगळ्या स्टार्टने.

वेळ बघा. डब्ल्यूएमएक्सची एक रेस २० मिनिटं अधिक २ लॅप असते, एमएक्सजीपीची ३० अधिक २. दोन मिनिटांचा लॅप धरला तर साधारण १२ लॅप, म्हणजे २४ मिनिटं. साइटिंग लॅप (ट्रॅक बघून घ्यायची फेरी), गेटवर रांग, पोडियम धरून ४० मिनिटांचा स्लॉट पुरतो. अशा दोन रेस, शिवाय २० मिनिटं फ्री प्रॅक्टिस आणि २० मिनिटं टाइम्ड (लॅपची वेळ मोजणारी) प्रॅक्टिस. दोन दिवसांत मिळून दोन तास. पहिली रेस शनिवारी आणि दुसरी रविवारी ठेवली की कुठल्याच दिवसावर भार येत नाही.

आता खर्च. मार्शल, रुग्णवाहिका, डॉक्टर, टायमिंगचे ट्रान्सपाँडर, कॅमेरे, पाण्याचे टँकर, डोझर हे सगळं त्या दिवशी तिथे असतंच. महिलांसाठी वेगळा दिवस ठेवला तर ते सगळं पुन्हा आणावं लागतं आणि त्यासाठी प्रायोजक मिळत नाही. कंपन्यांचे ट्रक आणि सस्पेन्शनवाले तंत्रज्ञ तर प्रो वीकेंडलाच येतात. वेगळ्या दिवशी रायडरच्या पदरी पडतो एक व्हॅन आणि घरचा मेकॅनिक. "वेगळा दिवस द्या" हे ऐकायला गोड लागतं, पण त्याने क्लास दोन-तीन वर्षांत आटतो.

लालमाती:
लॅपचार्टशी सहमत, पण स्लॉट कुठे ठेवता यावर अर्धी रेस ठरते आणि आयोजक नेमकं इथेच चुकतात.

रात्री ट्रॅक रिपरने खोल उकरून भरपूर पाणी मारतात. सकाळच्या पहिल्या सेशनला वरचा थर लोण्यासारखा असतो, खाली ओल, आणि चालेल अशी लाइन एकच. दिवसभरात तिथे रट (चाकांच्या खोल चऱ्या) पडतात, ब्रेकिंगच्या जागी खड्डे होतात आणि दुपारनंतर त्यांच्या कडा चौकोनी, कडक होतात. दोन्ही टोकं वाईट. सकाळी पहिल्यांदा सोडलं तर ओव्हरटेकला जागा नाही. सगळ्यात शेवटी सोडलं तर रट इतके खोल झालेले असतात की फूटपेग (पाय ठेवायचा खुंटा) कडेला घासतो आणि हलक्या रायडरला बाईक बाहेर काढता येत नाही.

सगळ्यात मोठी चूक पाण्याची. पुरुषांच्या रेसला माती नेमकी मुरलेली मिळावी म्हणून तिच्या पाऊण तास आधी टँकर फिरवतात, आणि त्याच पाऊण तासात महिलांची रेस बसवलेली असते. कोपऱ्यावर पाणी चमकत असतं, थ्रॉटल उघडला की मागचं चाक सरकतं, टिअर-ऑफ (गॉगलवरच्या ओढून काढायच्या फिल्म) दुसऱ्याच लॅपला संपतात. मग प्रेक्षक म्हणतात, "बघा, यांचा वेग कमी." पाणी महिलांच्या स्लॉटच्या अर्धा-पाऊण तास आधी मारा, नंतर फक्त धूळ उडते तिथे हलका फवारा द्या, आणि जंपचे टेकऑफ डोझरने एकदा साफ करून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

ट्रॅकची रचना बदलायची मात्र गरज नाही. मोठ्या जंप टेबलटॉप (मधे भरलेल्या, सपाट माथ्याच्या) असल्या की कमी पडलेली बाईक सपाटीवर उतरते. मधे दरी असलेला डबल (दोन टेकड्यांचा जंप) ठेवला तर पुढचं चाक समोरच्या भिंतीवर आपटतं, आणि हे चाळीसाव्या क्रमांकाच्या पुरुष रायडरलाही तितकंच लागू आहे.

रिअल_रायडर:
थोडं विरोधी मत मांडतो. स्वतंत्र क्लास हवाच कशाला? टाइमच्या जोरावर २५० ला पात्र व्हा. टारा गीगर २००७ मध्ये अमेरिकेत बड्स क्रीकला मोटोक्रॉस ऑफ नेशन्समध्ये (देशांच्या संघांच्या स्पर्धेत) पोर्टो रिकोकडून पुरुषांबरोबर धावलीच की. ४० जणांच्या गेटवर १२ रायडर उभ्या केल्या तर तिसऱ्या लॅपपासून मिरवणूक होते, आणि मागच्यांना लॅप मिळायला लागले (पुढच्या त्यांना पूर्ण एक फेरी मागे टाकू लागल्या) की पुढच्यांची लढत बिघडते.

लॅपचार्ट:
@रिअल_रायडर, लॅपचा मुद्दा खरा आहे, म्हणून आकड्यांतच बघू. पहिल्या क्रमांकाचा लॅप २:०० धरा. १० टक्के हळू म्हणजे २:१२, तिला लॅप बसतो लीडरच्या अकराव्या लॅपला, म्हणजे जवळजवळ शेवटी. १५ टक्के हळू (२:१८) तर आठव्याला. २० टक्के हळू (२:२४) तर सहाव्याला आणि पुन्हा बाराव्याला. तेव्हा टाइम्ड प्रॅक्टिसमध्ये ११२ ते ११५ टक्क्यांची मर्यादा लावा आणि त्याबाहेरच्यांना त्याच वीकेंडला सपोर्ट क्लासमध्ये उतरवा. निळ्या झेंड्याचा (मागून वेगवान रायडर येतेय, वाट द्या असं सांगणारा) मार्शल लँडिंगच्या नाही, कोपऱ्याच्या आधी उभा करा. हवेत असलेल्या रायडरला बाजूला होता येत नाही.

गीगरचं उदाहरण तुमच्या विरुद्ध जातं. ती तिथवर पोहोचली कारण महिलांच्या क्लासमध्ये तिला पुढे राहून रेस चालवायची सवय झाली होती. ३५व्या क्रमांकावर धावून स्टार्ट, लाइन बदलणं, आघाडी राखणं शिकता येत नाही. अमेरिकेत २००९ पासून महिलांची मालिका एएमए नॅशनलच्या (तिथल्या राष्ट्रीय मोटोक्रॉस मालिकेच्या) दिवशी धावायची. ॲशली फियोलेक (२००८, २००९, २०११, २०१२ ची विजेती, कर्णबधिर, गिअर कधी बदलायचा ते इंजिनच्या कंपनावरून ओळखणारी) होंडाची फॅक्टरी (कंपनीच्या अधिकृत संघाची) रायडर झाली ती याच काळात. पुढे मालिका नॅशनलच्या दिवसातून बाहेर पडली आणि तसा पाठिंबा आटला. युरोपात क्लास वीकेंडला टिकून राहिला, म्हणून कियारा फोंतानेसी सहा आणि कोर्टनी डंकन चार विजेतेपदांपर्यंत गेल्या आणि लोट्टे फान द्रुनेनसारखी रायडर किशोरवयात विजेती होऊ शकली.

तिथलीही एक गोष्ट मला खटकते, ती म्हणजे फेऱ्या फार कमी. सहा फेऱ्या धरल्या तर १२ रेस. एका रेसमध्ये साखळी तुटली की विजयाचे २५ गुण गेले, आणि ते भरून काढायला उरतात फक्त ११ रेस. वीसेक फेऱ्या असलेल्या पुरुषांना तोच फटका निम्म्याहूनही कमी बसतो.

सॅग_१०५:
बाईकवर कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. "वेग कमी" या तक्रारीतला बराच भाग खरं तर स्प्रिंगचा असतो.

शोरूममधून येणाऱ्या २५० फोर-स्ट्रोकच्या स्प्रिंग साधारण ७०-८० किलोच्या रायडरसाठी असतात. ५५ किलोची रायडर तशीच बसली तर मागे रेस सॅग (रायडर बसल्यावर सस्पेन्शन किती दबतं ते) जेमतेम ८५-९० मिमी येतो, हवा १०० ते १०५. मग मेकॅनिक प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) सैल करून १०५ आणतो आणि काम झालं समजतो. इथेच फसतं. आता रायडर उतरवून फक्त बाईकचा सॅग मोजा. ३० ते ४० मिमी हवा. ४५-५० येत असेल तर स्प्रिंग तिच्यासाठी कडक आहे. उलटं वाटतं खरं, पण कडक स्प्रिंगला कमी प्रीलोड द्यावा लागतो, म्हणून बाईक स्वतःच्या वजनानेच जास्त बसते. मागची आणि पुढची स्प्रिंग दोन्ही एक-दोन पायऱ्या मऊ घ्या. फक्त मागची बदलली तर बाईक मागे बसते आणि कोपऱ्यात पुढचं चाक बाहेर पळतं.

सीट ९५ सेंटिमीटरच्या आसपास असते. उंची कमी पडते म्हणून नुसती लोअरिंग लिंक (बाईक मागून खाली आणणारा जोड) लावली तरी पुढचं चाक बाहेर पळण्याची हीच तक्रार येते. लिंक लावल्यावर फोर्क (पुढच्या सस्पेन्शनचे नळे) क्लॅम्पमध्ये ५ ते १० मिमी वर सरकवून बघा. त्याहून साधा उपाय म्हणजे सीटचा फोम मांड्यांखालच्या भागात कापणे आणि स्टार्टला पाय टेकायला ठोकळा ठेवणे. ठोकळा त्या मालिकेच्या नियमात बसतो का, ते आधी विचारून घ्या. क्लचचा लिव्हर आत आणायला विसरू नका. बोट पूर्ण पोहोचत नसेल तर गेट पडताना क्लच एकदम सुटतो आणि पुढचं चाक उचलतं.

होलशॉट:
नेमकं हेच हवं होतं, आभार. एक राहिलं. बालेवाडीसारखा स्टेडियममधला सुपरक्रॉस ट्रॅक असेल तर?

लालमाती:
तिथे टेबलटॉपचा नियम पुरत नाही, व्हूप्स (ओळीने जवळजवळ असलेले उंचवटे) आणि ट्रिपल (तीन टेकड्यांचा जंप) असतात. व्हूप्समध्ये मधेच वेग सोडला की पुढचं चाक दोन उंचवट्यांच्या फटीत पडतं आणि रायडर हँडलबारवरून जाते. तरी अशक्य नाही. एक्स गेम्समध्ये २००८ ला महिलांचं सुपरक्रॉस झालं आणि गीगरने सुवर्ण घेतलं. पहिल्या मोसमासाठी व्हूप्स थोडे बुटके ठेवा, ट्रिपलच्या पहिल्या दोन टेकड्यांमधली जागा भरून टेबल करा, आणि शुक्रवारी अर्धा तास फक्त महिलांना ट्रॅक द्या. तो अर्धा तास वेळापत्रकात लिहून द्या. तोंडी ठरलेली प्रॅक्टिस पाऊस आला की सगळ्यात आधी रद्द होते.