गतिमंद मुलांचं लैंगिक शिक्षण: घरी की शाळेत?

कोथरूडची आई
आमच्या पालकगटात परवा एक बाबा म्हणाले, "आपल्या मुलांना त्यातलं काही कळत नाही, उगाच कशाला जागं करायचं?" बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मला हे अजिबात पटत नाही. डाउन सिंड्रोम असलेली मुलंही साधारण इतरांच्याच वयात वयात येतात. शरीर बुद्ध्यांकासाठी थांबत नाही.

माझी लेक 19 वर्षांची आहे. पाळी सुरू व्हायच्या आधीच मी तिच्या चड्डीवर मार्करने पॅडचा आकार काढून दिला आणि पॅडवर लाल रंग टाकून दाखवला. ते बघून बघून ती स्वतः पॅड लावायला शिकली. दुसरी गोष्ट जास्त अवघड गेली. आंघोळ घालताना "हात लावू का?" असं विचारायचं, तिची मान हलेपर्यंत थांबायचं. घाईच्या सकाळी हे नको वाटतं, पण जिच्या अंगाला दिवसभर कुणी ना कुणी न विचारता हात लावतं, तिला आपण 'नको' म्हणू शकतो हे कळणार कुठून? म्हणून सुरुवात घरातच व्हायला हवी.

धायरीचा बाबा
ताई, तुमची मुलगी ऐकते. माझा मुलगा 16 वर्षांचा, स्वमग्न. एखादा शब्द कानावर पडला की दिवसभर तोच. पीएमपी बसच्या गर्दीत त्याने अवयवांची नावं घेतली तर लोक माझ्याकडे कसे बघतील? आणि आम्हाला यातलं प्रशिक्षण कुणी दिलंय? हे काम शाळेचं.

विशेष शिक्षिका
शाळेचंच काम, मी पण तेच म्हणते. पालक भावनेच्या भरात शिकवतात. मुलगा हस्तमैथुन करताना दिसला की घरी फटका बसतो. आम्ही चित्र दाखवतो: आपली खोली, बंद दार. मुलाला इकडे एक नियम, तिकडे दुसरा. त्यात पालकसभेला हा विषय ठेवला की निम्म्या खुर्च्या रिकाम्या.

शनिवारातले काका
एवढा खटाटोप कशाला? मुलींचं गर्भाशय काढून टाकलं की आईबापांचा घोर मिटतो. पूर्वी करायचेच.

सिंहगड रोड
काका, निदान पुण्यात तरी हे बोलू नका. 1994 साली शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या गतिमंद मुलींवर ससून रुग्णालयात हीच शस्त्रक्रिया केली गेली आणि महिला संघटना त्याविरुद्ध उभ्या राहिल्या. आता 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार व्यक्तीच्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी प्रक्रिया करता येत नाही. आणि गर्भाशय काढून अत्याचार थांबतो का? फक्त दिवस राहत नाहीत, म्हणजे अत्याचार करणाराच आणखी निर्धास्त.

शनिवारातले काका
कायदा बोलणं सोपं आहे. आमच्यामागे तिला कोण बघणार, ते सांगा.

कोथरूडची आई
काका, ही भीती मलाही रात्री झोपू देत नाही. म्हणून तर शिकवते. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पोक्सोसाठी, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यासाठी, जन्मतारखेचं वय धरायचं, मानसिक वय नाही. ते प्रकरण 38 वर्षांच्या स्त्रीचं होतं. म्हणजे अठरा पूर्ण झाली की पोक्सोचं संरक्षण संपलं. दुसरी कलमं आहेत, पण कुणी, कुठे हात लावला हे तिला सांगता यायला हवं. 'तिकडे', 'खाली' एवढंच येत असेल तर पोलीस काय लिहून घेतील?

बाईंचं अर्धं पटलं. फटका मारणारे आईबाप नकोतच. पण शाळा सुटते. पुढची सगळी वर्षं घरातच जायची.

धायरीचा बाबा
बसमधल्या लोकांचं काय करू, ते राहिलंच.

विशेष शिक्षिका
शब्द कुठे बोलायचा, हेही शब्दासोबतच शिकवायचं. बसचं आणि घराचं चित्र शेजारी लावा: घरी चालेल, बसमध्ये नाही. शाळेत या, आमची कार्डं दाखवते. तेच शब्द घरी वापरा.

धायरीचा बाबा
येतो. पण शिकवायला मला जमेल असं अजून वाटत नाही.