दहावी-अकरावीच्या मुलांचं बँक खातं : कुठलं उघडावं, कुठे अडतं? (अनुभव धागा)

दहावीचा निकाल लागला की मुलांची खाती उघडायची झुंबड उडते. अकरावीची फी, शिष्यवृत्तीचा अर्ज, वसतिगृहाचा खर्च सगळं एकदम अंगावर येतं. मग जी शाखा जवळ, तिथे जो फॉर्म हातात पडेल त्यावर सही होते. चूक कळते ती पैसे अडल्यावर. रोज याच कामात असणाऱ्यांनी इथे लिहावं ही विनंती. घरचे किस्से नकोत. कोणता कागद, किती मर्यादा, काय चुकतं आणि का, तेवढं नेमकं सांगा.

बँकेत खाती उघडण्याच्या टेबलावरून

व्याजदर नंतर बघा, आधी हे ठरवा की खातं चालवणार कोण. अल्पवयीन मुलाचं खातं दोन तऱ्हांचं असतं. एकात मुलाचं नाव पुढे असतं, पण सही आई किंवा वडिलांची चालते. दुसऱ्यात मूल स्वतःच्या सहीने पैसे काढतं. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला असं स्वतंत्र खातं देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ साली दिली आणि २१ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकात ती नव्याने मांडली. मात्र किती रकमेपर्यंत, कोणत्या अटींवर, कार्ड-चेकबुक-नेटबँकिंग द्यायचं की नाही, हे प्रत्येक बँकेवर सोडलं आहे. म्हणूनच एका बँकेत कार्ड हातात मिळतं आणि शेजारच्या बँकेत नुसतं पासबुक.

स्टेट बँकेचं उदाहरण घ्या. ‘पहला कदम’ हे कोणत्याही वयाच्या मुलाचं, पालकासोबतचं खातं. ‘पहली उडान’ हे दहा वर्षांवरच्या आणि एकसारखी सही करता येणाऱ्या मुलाचं, त्याच्या एकट्याच्या नावावरचं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलासाठी माझं मत ठामपणे दुसऱ्या प्रकाराच्या बाजूने आहे. या वयात स्वतः स्लिप भरून, रांगेत उभं राहून पैसे काढलेले बरे.

‘एकसारखी सही’ ही अट किरकोळ वाटते, पण सर्वात जास्त खोळंबा तिथेच होतो. मुलगी फॉर्मवर देवनागरीत पूर्ण नाव लिहिते आणि सहा महिन्यांनी स्लिपवर इंग्रजीत वळणदार सही करते. समोरच्या स्क्रीनवरची सही आणि हातातली स्लिप जुळत नाही, पैसे थांबतात. शाखेत येण्याआधी कोऱ्या कागदावर दहा वेळा सही करून घ्या. दहाही सारख्या आल्या की त्या कागदाचा फोटो घरी ठेवा.

कागद म्हणाल तर मुलाचं आधार, जन्मदाखला, फोटो, पालकाचं आधार आणि पॅन. मुलाचं पॅन नसेल तर तसं घोषणापत्र भरून काम होतं. वडील गावी असले म्हणून खातं अडायला नको, आईला पालक म्हणून खातं उघडता येतं आणि वरच्या परिपत्रकातही ते स्पष्ट लिहिलं आहे. वारस नोंदही (नॉमिनेशन) तेव्हाच करून टाका. मुलाच्या खात्यावर ती मुलाच्या वतीने पालकाला करावी लागते, आणि फॉर्ममधला तोच रकाना हटकून कोरा राहतो.

ज्युनिअर कॉलेजच्या कार्यालयातून, शिष्यवृत्तीच्या टेबलावरून

‘आधार लिंक आहे हो’ असं सगळेच पालक सांगतात. बँकेने केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवण्यासाठी, आधार क्रमांक नोंदवला म्हणजे शिष्यवृत्ती जमा होईल असं नाही. सरकारी पैसे आधारच्या आधारे येतात ते राष्ट्रीय पेमेंट महामंडळाच्या नोंदीवरून. त्या नोंदीत एका आधारला एकच बँक असते, आणि शेवटी जोडलेली बँक आधीचीला बाजूला सारते. समजा मुलाचं खातं गावातल्या बँकेत आहे. अकरावीला शहरात दुसरं खातं उघडताना फॉर्मवरच्या ‘अनुदान या खात्यात घ्यावे’ अशा चौकटीत खूण झाली, की पुढचा हप्ता नव्या खात्यात. घरचे जुनं पासबुक छापत बसतात आणि पैसे आलेच नाहीत म्हणतात.

तपासायला दोन मिनिटं लागतात. आधारच्या संकेतस्थळावर मुलाच्या आधार क्रमांकाने आणि ओटीपीने आत जा आणि ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडा. सीडिंग म्हणजे वर सांगितलेली आधार-बँक जोडणी. बँकेचं नाव आणि ‘ॲक्टिव्ह’ की ‘इनॲक्टिव्ह’ ते दिसतं. महाडीबीटीचा (राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरचा) अर्ज भरण्याआधी त्या पानाची प्रत काढून ठेवा. इनॲक्टिव्ह दिसलं तर शाखेत ‘डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) सीडिंग’ असे शब्द वापरून संमतीपत्र द्या. नुसतं ‘आधार लिंक करा’ म्हटलंत तर पुन्हा केवायसीच होईल.

ओटीपी येत नसेल तर आधारला जुना मोबाईल नंबर असतो. पंधराव्या वर्षानंतरचं बोटांच्या ठशांचं अद्ययावतीकरणही बऱ्याचदा राहिलेलं असतं. ते पंधरा ते सतरा या वयात मोफत होतं. लहानपणीचेच ठसे नोंदीत राहिले तर बँकेच्या मशीनवर अंगठा जुळत नाही, आणि दोष मशीनला दिला जातो.

नावाचंही बघा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापतात, आधारवर बहुधा शेवटी असतं. क्रम उलटा असला तर समजून घेतलं जातं. वडिलांच्या नावात ‘राव’ एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, असं झालं तर अर्ज परत येतो. खातं आधारवरच्या अक्षरांनुसारच उघडा.

कागद अपुरे आहेत म्हणून काही ठिकाणी मुलांना ‘स्मॉल अकाउंट’ उघडून देतात. त्याच्या मर्यादा नीट ऐका : शिल्लक ५०,००० च्या आत, वर्षभरात जमा १ लाखाच्या आत, महिन्यात काढता येतात १०,०००. आठवीच्या परीक्षेतून मिळणाऱ्या एनएमएमएस शिष्यवृत्तीचे वर्षाचे १२,००० यात सहज बसतात. पण फी, निर्वाह भत्ता आणि घरून पाठवलेले पैसे एकाच खात्यात यायला लागले की मर्यादा ओलांडते आणि जमा अडते. कागद पूर्ण करून साधं खातं करून घ्या.

आणखी एक. शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं शून्य शिलकीचं खातं दोन वर्षं व्यवहार नाही म्हणून निष्क्रिय धरू नये, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ मध्ये सांगितलं आहे. पण शाखेला ते खातं शिष्यवृत्तीचं आहे हे कळायला हवं. उघडतानाच अर्जावर तसं लिहा आणि शिक्का मारलेली पोच मागून घ्या.

पोस्टातून

गावात बँक लांब असेल तर पोस्टाचं बचत खातं विसरू नका. दहा वर्षांवरचं मूल स्वतःच्या नावावर ५०० रुपयांत उघडू शकतं, व्याज ४ टक्के. किमान ५०० शिल्लक मात्र राहू द्या. आर्थिक वर्षाच्या शेवटी ती कमी असली तर ५० रुपये कापले जातात, आणि कापून कापून शून्य झालं की खातं आपोआप बंद होतं. बचतीला हे उत्तम, रोजच्या खर्चाला नाही.

कार्ड आणि यूपीआयचं काम बघणाऱ्याकडून

यूपीआय सुरू करायला खात्याला जोडलेला नंबर त्याच फोनमधल्या सिमचा लागतो. अठरा वर्षांखालच्याला स्वतःच्या नावावर सिम मिळत नाही. म्हणजे मुलाच्या फोनमधलं सिम आई-वडिलांच्या नावावरचंच असणार, पण खात्याला नंबर तोच द्यायचा. बरेच जण बाबांचा रोजचा नंबर देतात आणि ओटीपी बाबांच्या ऑफिसात वाजत राहतो. अल्पवयीन खात्यावर यूपीआय द्यायचं की नाही हे त्या त्या बँकेचं धोरण असतं, म्हणून खातं उघडण्याआधीच विचारा.

बँक देत नसेल तर ऑगस्ट २०२४ पासून ‘यूपीआय सर्कल’ आहे. खातं पालकाचं, पैसे देणारा फोन मुलाचा. एका पद्धतीत प्रत्येक व्यवहाराला पालकाने पिन टाकायचा. दुसरीत मूल स्वतः पैसे देतं, एका वेळी जास्तीत जास्त ५,००० आणि महिन्याला १५,०००. महिन्याचा आकडा पालकाला कमी करता येतो. कॅन्टीन आणि एसटीच्या खर्चाला १,५०० लावून ठेवा.

कार्ड आलं की बँकेच्या ॲपमध्ये आधी मर्यादा लावा. नवं कार्ड फक्त देशातल्या एटीएमला आणि दुकानातल्या मशीनला चालू असतं. ऑनलाइन, परदेशी आणि टेकवून पैसे देण्याची सोय वेगळी चालू करावी लागते. टेकवायची सोय बंदच ठेवा, कारण ५,००० पर्यंत पिन लागत नाही आणि मुलांचं पाकीट हरवतं. एटीएमचंही सांगून ठेवा. दुसऱ्या बँकेच्या मशीनवर मुंबईत महिन्याला ३ आणि पुण्यात ५ व्यवहार फुकट, नंतर प्रत्येकी २३ रुपयांपर्यंत आणि वर कर. नुसती शिल्लक बघणंही त्या मोजणीत येतं. तासाला शिल्लक बघणाऱ्या मुलांना हे माहीतच नसतं.

सायबर तक्रारी हाताळणाऱ्याकडून

कार्ड-यूपीआयच्या जोडीला हे वाचाच. कॉलेजच्या वयातल्या मुलांना ‘तुझं खातं आठवडाभर वापरायला दे, २,००० देतो’ असं विचारणारे भेटतात. ते पासबुक, कार्ड आणि सिम मागतात. त्या खात्यातून फसवणुकीचे पैसे फिरतात, आणि खातेदार म्हणून पहिला फोन त्या मुलालाच जातो. मुलांना हे स्पष्ट शब्दांत सांगा : खातं कोणालाही द्यायचं नाही, वर्गमित्रालाही नाही. अनोळखी रक्कम जमा झाली तर ती ‘परत पाठव’ म्हणणाऱ्याला पाठवू नका, शाखेला लेखी कळवा. आपले पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकाला फोन करा, मग बँकेला. ओटीपी दिलेला नसताना बाहेरच्या कुणी पैसे काढले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान ग्राहकावर येत नाही. उशीर केलात की भार वाढतो.

करसल्लागाराकडून, थोडक्यात

मुलाच्या खात्यातलं व्याज आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात मिळवलं जातं. मुलाच्या नावावर ठेव ठेवून कर वाचत नाही. मुलाने स्वतःच्या कलेतून किंवा कष्टातून कमावलेलं, उदाहरणार्थ बालकलाकाराचं मानधन, त्याचंच. त्या मानधनाच्या ठेवीवरचं व्याज मात्र पुन्हा पालकाकडे.

सहकारी बँकेतून

कोणी विचारायच्या आधीच सांगते. ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत आहे, नागरी सहकारी बँकांनाही आहे. पालक म्हणून मुलाच्या नावे ठेवलेले पैसे पालकाच्या स्वतःच्या ठेवींपासून वेगळे मोजतात. पतसंस्थेला हा विमा नाही. पाटीवर दोन्हीकडे ‘सहकारी’ लिहिलेलं असतं, म्हणून नाव शेवटपर्यंत वाचा.

पुन्हा खाती उघडण्याच्या टेबलावरून : अठरावा वाढदिवस

पालकाच्या सहीने चालणारं खातं मूल अठरा वर्षांचं झालं की पालकाला चालवता येत नाही. नवा फॉर्म, नवी सही, फोटो, आधार आणि पॅन द्यावं लागतं, आणि शिल्लक बरोबर असल्याची खात्री खातेदाराकडून करून घेतात. तोवर पैसे काढणं थांबतं. वाढदिवस जून-जुलैत असेल तर नेमका प्रवेश फीच्या दिवशी व्यवहार अडतो. वाढदिवसाच्या आदल्या महिन्यात एकदा शाखेत या आणि काय काय लागेल ते लिहून घ्या.

लहानपणी काढलेल्या पॅनवर मुलाचा फोटो आणि सही नसते. अठरा पूर्ण झाल्यावर लगेच दुरुस्तीचा अर्ज करा. त्याच भेटीत हेही विचारा : मुलांचं खातं साध्या बचत खात्यात बदललं की किमान शिल्लक किती ठेवावी लागेल? ती झेपणार नसेल तर मूलभूत बचत खातं मागा. त्यात किमान शिल्लक नसते, कार्ड फुकट असतं आणि महिन्याला किमान चार वेळा पैसे फुकट काढता येतात. अट एकच, त्याच बँकेत दुसरं बचत खातं नको. असेल तर तीस दिवसांत बंद करावं लागतं. बंद करण्याआधी वर सांगितलेलं सीडिंगचं पान उघडून बघा, शिष्यवृत्ती त्याच खात्यावर येत असेल.