आर्थर राजाचा 'नेफ्यू' : भाचा की पुतण्या?

प्रश्न : आर्थर राजाच्या कथा मुलांसाठी मराठीत आणते आहे. इंग्रजी पुस्तकांत गवेन आणि मॉर्ड्रेड दोघेही आर्थरचे 'नेफ्यू'. मराठीत कुणी पुतण्या लिहितं, कुणी भाचा. दोन्ही चालतील का?

उत्तर : नाही चालणार, भाचाच लिहा. जुन्या ग्रंथांतच त्याचा खुलासा आहे. 'किल्हुख आणि ऑल्वेन' या मध्ययुगीन वेल्श कथेत गवेनचं नाव ग्वाल्खमाय आहे. हाती घेतलेलं काम केल्याशिवाय तो कधी परतला नाही, अशी तिथे त्याची ओळख येते आणि लगेच नातंही : आर्थरचा 'नाय', 'माब ख्वाएर'. 'माब ख्वाएर' म्हणजे बहिणीचा मुलगा. वेल्शमध्ये 'नाय' भावाच्या मुलालाही चालतो, म्हणून कथाकाराने मुद्दाम फोड करून सांगितलं. आपल्याकडे ती फोड एका शब्दात होते, मग ती घालवायची कशाला?

मॉन्मथच्या जेफ्रीने 1136च्या सुमारास लॅटिनमध्ये ब्रिटनच्या राजांचा इतिहास लिहिला. त्यातही हेच आहे. उथर आणि इगर्ना यांची मुलं आर्थर आणि अॅना. अॅना लोथियनच्या लॉथला दिली. त्यांचे मुलगे गवेन आणि मॉर्ड्रेड. म्हणजे आर्थर त्यांचा मामा. जेफ्रीचा शब्द 'नेपोस' नातवालाही लागतो आणि भाच्या-पुतण्यांनाही. वेल्श 'नाय', लॅटिन 'नेपोस' आणि संस्कृत 'नप्तृ' एकाच मुळाचे, आणि 'नप्तृ'वरूनच आपला 'नातू' आला.

पुतण्या म्हटलं की मराठी वाचकाला भाऊबंदकी दिसते, वाटणी दिसते, 1773चा शनिवारवाडा दिसतो. मॉर्ड्रेडचं तसं नाही. तो दुसऱ्या घराण्यातला, लॉथचा मुलगा. रोमवर स्वारीला निघताना मामाने विश्वासाने राज्य आणि राणी त्याच्यावर सोपवली, आणि त्याने दोन्ही बळकावली. पुतण्या लिहिलंत तर हा विश्वासघात वारसाहक्काच्या भांडणासारखा वाचला जाईल.

आर्थरला खराखुरा पुतण्या मात्र आहे! एका जुन्या वेल्श संवादकाव्यात आर्थर झाडावरच्या गरुडाशी बोलतो. तो गरुड म्हणजे मेलेला एलिवलॉद, उथरचा मुलगा मादॉग याचा मुलगा. म्हणजे भावाचा मुलगा. तो आता आर्थरला ख्रिस्ती धर्माचा उपदेश करतो. फार सुंदर प्रसंग आहे, मुलांच्या पुस्तकात जरूर घ्या. तिथे 'काका' आणि 'पुतण्या' बिनधास्त वापरा.

प्रश्न : पण मॉर्ड्रेड आर्थरचा मुलगाच होता असंही वाचलंय. सावत्र बहिणीपासून झालेला.

उत्तर : ती नंतरची भर. तेराव्या शतकातल्या फ्रेंच गद्यकथांनी मॉर्ड्रेडला एकाच वेळी भाचा आणि मुलगा केलं. बापाच्या हातून मुलगा मरण्याची कथा मात्र त्याहून बरीच जुनी आहे. नवव्या शतकातल्या 'हिस्टोरिया ब्रिटोनम'मध्ये आर्थरने स्वतः मारलेल्या आम्र या मुलाची कबर येते. ती मोजावी तेव्हा वेगळ्या लांबीची भरते.

'सावत्र'बद्दल माझा आग्रह आहे. हा शब्द सवतीच्या नात्यातला : बाप एक, आया वेगळ्या. नंतरच्या कथांतली मॉर्ड्रेडची आई मॉर्गॉज ही इगर्नाची, पण पहिल्या नवऱ्यापासूनची, म्हणजे कॉर्नवॉलच्या गोर्लोईसची मुलगी. इथे आई एक, बाप वेगळे. एका उदरातली म्हणून ती आर्थरची सहोदर ठरते. आज बोलताना आपण दोन्हीकडे सावत्रच म्हणतो, तेव्हा चूक म्हणता येणार नाही. पण पहिल्यांदा 'आईच्या पहिल्या लग्नाची मुलगी' असं सरळ लिहा. कथेतलं पाप किती जवळच्या नात्यातलं आहे ते वाचकाला तेव्हाच कळतं.

प्रश्न : किल्हुख आर्थरचा 'कझिन' म्हणतात. चुलतभाऊ लिहू?

उत्तर : मावसभाऊ. वर सांगितलेल्या वेल्श कथेत किल्हुख दरबारात आर्थरला आपले केस कापायला सांगतो. आर्थर सोन्याचा कंगवा आणि चांदीच्या कड्यांची कात्री घेतो, आणि विंचरता विंचरता म्हणतो की तुझ्याबद्दल माया दाटून येते आहे, तू माझ्या रक्ताचा आहेस, कोण आहेस सांग. किल्हुख आईचं नाव सांगतो : आन्लौदची मुलगी गोलाइदिद. आर्थरची आई इगर्ना, वेल्शमध्ये एइगर, हीसुद्धा वेल्श वंशावळींत आन्लौदचीच मुलगी. दोघी सख्ख्या बहिणी. वेल्श 'केव्हन्देर' चुलत, मावस, आते, मामे सगळ्यांना पुरतो. मराठीत हे नातं आईकडून आल्याचं एका शब्दात उमटतं, आणि त्या दृश्यात सगळं आईच्या नावावरच ठरतं.

जिथे मूळ ग्रंथ गप्प आहे तिथे मात्र आपणही नातं जोडू नका. वेल्श वार्षिकीत, म्हणजे वर्षवार नोंदींत, 537 या वर्षाखाली आर्थरबद्दल एवढंच आहे : कामलानची लढाई, तीत आर्थर आणि मेद्राउत पडले. मेद्राउत म्हणजेच मॉर्ड्रेड. भाचा नाही, मुलगा नाही, शत्रू होता असंही नाही. तो उतारा घेतलात तर नुसती नावं ठेवा. तसंच जेफ्रीच्या शेवटी, 542 साली, आर्थर मुकुट देतो तो कॉर्नवॉलच्या काडोरचा मुलगा कॉन्स्टंटाइन याला. जेफ्री त्याला फक्त 'कॉग्नातुस' म्हणतो. त्यासाठी 'नातलग' पुरे.