मामाच्या दुकानाचं बिलिंग डब्ल्यूएक्समध्ये लिहिलं, चूक केली का?

कृष्णाकाठ_कोडर:

मंडळी, जरा वाद घालायचाय. माझ्या मामाचं कराडजवळ कृषी सेवा केंद्र आहे, खतं, बियाणं, औषधं असलं सगळं. गेल्या उन्हाळ्यात त्याला बिलिंगचं छोटं सॉफ्टवेअर लिहून दिलं, पायथन आणि डब्ल्यूएक्सपायथन वापरून. ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी, डब्ल्यूएक्सविजेट्स हे सी प्लस प्लसमधलं, प्रोग्रामच्या खिडक्या-बटणं बनवायचं ओपन सोर्स टूलकिट, १९९२ साली एडिनबरा विद्यापीठात ज्युलियन स्मार्ट यांनी सुरू केलेलं, आणि डब्ल्यूएक्सपायथन म्हणजे तेच पायथनमधून वापरायची सोय. कोड एकदा लिहायचा, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे चालतो. यातली मला आवडणारी गोष्ट म्हणजे बटण, मेनू, टेक्स्ट बॉक्स हे टूलकिट स्वतः रंगवत बसत नाही, ज्या सिस्टमवर चाललंय तिच्याकडूनच मागून घेतं. विंडोजवर विंडोजचंच बटण, मॅकवर तिथल्या कोकोचं, लिनक्सवर तिथल्या जीटीके टूलकिटचं.

दुकानातला पीसी म्हणजे ४ जीबी रॅम, जुना आय३, एसएसडी नाही. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर काउंटरवर उभं राहायला जागा नसते आणि दिवाणजी माउसला हात लावत नाहीत, त्यांना एंटर दाबलं की पुढचा रकाना पाहिजे. टेक्स्ट बॉक्सला प्रोसेस एंटरचा फ्लॅग लावला, इव्हेंटमध्ये नेव्हिगेट बोलावलं, झालं, दोन ओळींचं काम. सॉफ्टवेअर दोन सेकंदात उघडतं आणि दिवसभर कुणाला त्याची आठवण येत नाही.

आता ऑफिसमधल्या एकाने स्क्रीनशॉट बघितला आणि म्हणाला हे काय विंडोज ९५ आहे का. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. २०२० नंतर असलं काही लिहिणं खरंच वेडेपणा आहे का?

फ्लेक्सबॉक्स_फाटा:

चुकलंच भावा, राग मानू नको. दिसण्याचं सोड, तू उद्या बंगलोरला नाहीतर बाहेर गेलास तर मामाने कुणाकडे जायचं? रिअ‍ॅक्ट (वेब पानं बनवायचं साधन) येणारी पोरं कराडात सुद्धा पायलीला पन्नास मिळतील, डब्ल्यूएक्स म्हटलं तर समोरचा स्पेलिंग विचारेल. इलेक्ट्रॉनमध्ये, म्हणजे वेब पानालाच डेस्कटॉपची खिडकी देणाऱ्या साधनात, केलं असतंस तर उद्या तीच स्क्रीन मोबाईलच्या ब्राउझरमध्ये पण टाकता आली असती, सीएसएसने हवं तसं नटवता आलं असतं. आणि एक सांग, हा सगळा कोड तू कशात लिहिलास? व्हीएस कोडमध्येच ना? तो इलेक्ट्रॉनच आहे साहेब.

कृष्णाकाठ_कोडर:

हो, व्हीएस कोडमध्येच लिहिला, पकडलंस. पण माझ्या लॅपटॉपला १६ जीबी आहे आणि मामाच्या पीसीला ४, त्यातच अँटीव्हायरस, क्रोममध्ये उघडलेलं जीएसटीचं पोर्टल आणि दिवाणजींचं व्हॉट्सअ‍ॅप वेब. इलेक्ट्रॉन म्हणजे प्रत्येक अ‍ॅपबरोबर अख्खं क्रोमियम, म्हणजे क्रोमचा गाभा, आणि नोड हे जावास्क्रिप्ट चालवायचं साधन बांधून द्यायचं. युरियाच्या तीन पोत्यांचं बिल करायला दुसरा ब्राउझर कशाला घरात घ्यायचा? आणि मोबाईलवर नकोच आहे, मामाला उधारीची वही दुसऱ्याच्या हातात जायला नको असते.

फ्लेक्सबॉक्स_फाटा:

मग टॉरी बघ की. ते क्रोमियम बरोबर नेत नाही, विंडोजवर असलेलं वेबव्ह्यू२ हे ब्राउझर इंजिन वापरतं, मॅक आणि लिनक्सवर वेबकिट. इन्स्टॉलर अगदी लहान होतो. म्हणजे तुझंच तत्त्व झालं ना, सिस्टमकडे आहे ते मागून घ्या. फक्त एचटीएमएलमध्ये.

तळजाई_टेकडी:

वेबवाल्यांचं बाजूला ठेवू, ते कायम असंच बोलणार. माझा प्रश्न वेगळाय, वेब सोडून डेस्कटॉपचंच टूलकिट घ्यायचं होतं तर क्यूटी का नाही? मी पुण्यात गाड्यांच्या डॅशबोर्डचं काम करते, रोज क्यूटी. सिग्नल आणि स्लॉटची सवय लागली की दुसरं काही नको वाटतं, बटणाने ओरडायचं, ज्याला ऐकायचंय त्याने ऐकायचं, दोघांनी एकमेकांना ओळखायची गरज नाही. क्यूटीच्या डिझायनर या प्रोग्राममध्ये खिडकी ओढून-ताणून बनवता येते. आणि हो, क्यूटी बटणं स्वतः रंगवतं, तुम्ही त्याला दोष समजता आणि मी गुण समजते, कारण तिन्ही सिस्टमवर माझी स्क्रीन माझ्या मनासारखी दिसते. नेटिव्हच्या, म्हणजे सिस्टमच्याच बटणांच्या, नादात डब्ल्यूएक्सवाले तीन सिस्टमचे तीन वेगळे त्रास गळ्यात घेतात. एका ठिकाणी साइझरमध्ये (खिडकीतली जागा वाटून देणारा भाग) नीट बसलेलं बटण दुसरीकडे कापलं जातं. डार्क मोडचंच घ्या, विंडोजवर ३.२ पर्यंत नव्हताच, ३.३ मध्ये कुठे आलाय.

आणि लोक कुठून कुठे गेले ते बघा ना. व्हीएलसी आधी डब्ल्यूएक्सवर होता, २००८ मध्ये ०.९ ला क्यूटीवर गेला. नेटवर्क तपासायचं वायरशार्क जीटीके सोडून २०१५ मध्ये २.० ला क्यूटीवर. लिनस टोरवाल्ड्सने सुरू केलेलं सबसरफेस, स्कूबा डायव्हिंगची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर, ते पण जीटीके सोडून क्यूटीवर. आता आवाज एडिट करायची ऑडॅसिटी ४ सुद्धा डब्ल्यूएक्स सोडून क्यूटीत लिहितायत. उलटा गेलेला एक तरी मोठा प्रोजेक्ट दाखवा.

कृष्णाकाठ_कोडर:

उलटा गेलेला नाही सापडणार, मान्य. पण जागेवर राहिलेले आहेत ना, फाईलझिला आहे, सर्किट बोर्ड डिझाइन करायचं कायकॅड आहे. कायकॅड म्हणजे काही पोराटोरांचं खेळणं नाही. आणि ऑडॅसिटी २००० सालापासून डब्ल्यूएक्सवर होती, एवढी वर्षं एखाद्या टूलकिटने साथ दिली तर त्याला नापास म्हणायचं का?

जुना_मोडेम:

ताई, क्यूटी चांगलंच आहे, पण पोरांनो त्याचा इतिहास विसरू नका. आम्ही डायल-अपवर लिनक्सच्या सीडी मागवायचो तेव्हाची गोष्ट. ट्रोलटेक नावाच्या नॉर्वेच्या कंपनीचं हे टूलकिट, लिनक्सचा केडीई डेस्कटॉप त्याच्यावर उभा राहिला आणि क्यूटीचा परवाना पूर्ण मुक्त नाही म्हणून एवढं रण पेटलं की १९९७ मध्ये त्या वादातून ग्नोम नावाचा अख्खा वेगळा डेस्कटॉप सुरू झाला. २००० मध्ये क्यूटी जीपीएलखाली आलं, म्हणजे मुक्त, पण ते वापरून केलेला प्रोग्राम दिला तर त्याचाही सोर्स द्यायचा. मग नोकियाने २००८ मध्ये कंपनी घेतली, २००९ मध्ये एलजीपीएल दिलं, म्हणजे स्वतःचा सोर्स न देताही वापरता येईल असा सैल परवाना, सगळे खूष. मग नोकिया स्वतःच अडचणीत, क्यूटी डिजिया कंपनीकडे, मग त्यातून क्यूटी कंपनी वेगळी झाली आणि २०२० मध्ये त्यांनी जाहीर केलं की दीर्घकाळ सपोर्टवाल्या आवृत्त्या फक्त पैसे भरणाऱ्यांना. घर तेच पण मालक बदलत राहतो आणि दर वेळी नवा मालक भाडेकरार वाचायला देतो.

डब्ल्यूएक्सला असा मालकच नाही. परवाना एलजीपीएलसारखा पण त्यात सूट आहे, तयार झालेला प्रोग्राम तुमच्या अटींवर द्या, स्टॅटिक लिंक करा, म्हणजे टूलकिट प्रोग्रामच्या फाईलीतच बांधून टाका, कुणी विचारत नाही. त्याच्या आयुष्यातली एकमेव कोर्टकचेरीसारखी भानगड म्हणजे नावाची. आधी डब्ल्यूएक्सविंडोज म्हणायचे, मायक्रोसॉफ्टने विनंती केली तेव्हा २००४ मध्ये विजेट्स केलं. बस्स.

तळजाई_टेकडी:

काका, इतिहास बरोबर आहे पण अर्धाच सांगितलात. केडीईचा क्यूटीच्या मालकाशी १९९८ पासून करार आहे, मालकाने मोफत आवृत्ती काढायची बंद केली तर ती बीएसडीसारख्या, जवळपास बिनअटीच्या परवान्याखाली खुली करायचा हक्क केडीईवाल्या फाउंडेशनकडे आहे. मालक बदलले तरी करार टिकलाय. आणि पायथनमधून क्यूटी वापरायचं पायसाइड६ एलजीपीएलमध्ये आहे, पिप या पायथनच्या इन्स्टॉलरने टाकलं की लिनक्सवर सुद्धा लगेच येतं. तुमचं डब्ल्यूएक्सपायथन लिनक्सवर पिपने टाकायला घेतलं की सोर्समधून कंपाइल व्हायला लागतं, चहा काय जेवण होतं तोवर.

जुना_मोडेम:

ते कंपाइलचं खरंय, तयार व्हील, म्हणजे आधीच कंपाइल केलेली पॅकेजं, त्यांच्याच साइटवर वेगळीकडे ठेवलेत, ते शोधेपर्यंत माणूस वैतागतो. पण एलजीपीएल म्हणून निर्धास्त राहू नका एवढंच म्हणेन. आलेख काढायचं क्यूटी चार्ट्स जीपीएल आहे, एलजीपीएल नाही. एका ओळखीच्याने विक्रीचा आलेख दाखवायला ते लावलं, सॉफ्टवेअर विकायच्या वेळी कळलं, मग आठवडाभर आलेख हाताने काढत बसला.

लिनक्सची_लेक:

कुणी मराठीबद्दल बोलतच नाहीये म्हणून मी बोलते. मी एका शाळेसाठी लिनक्सवर टीके-इंटरमध्ये हजेरीचं करून दिलेलं, पायथनबरोबर फुकट येतं म्हणून. विंडोजवर छान दिसलं, शाळेत लिनक्सवर उघडलं तर "किंमत"ची वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसलेली, "विद्यार्थी"चे तुकडे, सगळीकडे हलन्त उघडे पडलेले. कारण साधं आहे, मेमरीत आधी क असतो मग वेलांटी, ती उचलून क च्या डावीकडे नेणं, जोडाक्षर बांधणं हे शेपिंग करणाऱ्याचं काम आणि लिनक्सवरचं टीके ते करतच नव्हतं. डब्ल्यूएक्स लिनक्सवर जीटीकेला काम देतं, जीटीके पँगोला, पँगो हार्फबझ या शेपिंग करणाऱ्याला, आणि हार्फबझला "शेतकऱ्या"तला ऱ्या सुद्धा येतो. म्हणजे आयतं मिळतं. पण हे क्यूटीतही आहे आणि क्रोमियममध्येही, दोघेही हार्फबझच वापरतात, त्यामुळे मराठीच्या नावावर कुणी इथे झेंडा लावू नका.

फ्लेक्सबॉक्स_फाटा:

बघा, क्रोमियममध्येही. मी काहीच बोलत नाही.

जुना_मोडेम:

बोललास की.

कानाने_वाचतो:

मी दृष्टिहीन आहे, एनव्हीडीए वापरून हा धागा ऐकतोय. एनव्हीडीए म्हणजे विंडोजवरचा मोफत, ओपन सोर्स स्क्रीन रीडर, ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये मायकेल करन यांनी सुरू केला, ते स्वतः दृष्टिहीन. आणि त्या एनव्हीडीएचे स्वतःचे मेनू, सेटिंगच्या खिडक्या डब्ल्यूएक्सपायथनमध्येच आहेत. उगाच नाही. विंडोजचं खरं बटण असलं की त्याचं नाव, ते दाबता येतं का, चेकबॉक्सला टिक आहे का हे सगळं विंडोज आपणहून सांगतं, प्रोग्रामरने वेगळं काही करावं लागत नाही. क्यूटीमध्ये नेहमीची विजेट्स बरी बोलतात, पण कुणी स्वतःचं रंगवलं की त्याने वेगळा कोड लिहिला तरच बोलणार, आणि तो फार कमी जण लिहितात. वेबवाल्यांनो, तुमचं एचटीएमएल खरं तर सगळ्यात चांगलं बोलू शकतं, बटणाला बटण म्हणालात तर. तुम्ही डिव्ह, म्हणजे नुसता बिननावाचा डबा, घेता, त्याला क्लिक चिकटवता आणि माझ्यासाठी तिथे भिंत असते.

पण कृष्णाकाठ, तुम्हालाही एक विचारतो. बिलातल्या मालाचा तक्ता कशात केलाय? डब्ल्यूएक्स ग्रिड असेल तर ते नेटिव्ह नाही. ते कुठल्याच सिस्टमवर नेटिव्ह नाही, डब्ल्यूएक्स ते स्वतः रंगवतं, अगदी क्यूटीसारखं. मला तो तक्ता रिकामा ऐकू येतो.

तळजाई_टेकडी:

हा हा, घ्या! सिस्टमचं सिस्टमला म्हणत होता ना, बिलाचा सगळा जीव ज्या तक्त्यात आहे तोच रंगवलेला निघाला.

कृष्णाकाठ_कोडर:

ग्रिडच आहे. हे खरंच माहीत नव्हतं, एक वर्ष वापरतोय आणि एवढ्या वर नेटिव्ह नेटिव्ह लिहून बसलोय. काल रात्री एनव्हीडीए टाकून, डोळे मिटून एक बिल करून बघितलं. तक्त्यात शुकशुकाट. आणि वरच्या रकान्यांतही घोळ, दराच्या जागी गेलो की "नग" म्हणतंय.

कानाने_वाचतो:

तक्त्याच्या जागी लिस्ट कंट्रोल घ्या, रिपोर्ट प्रकारचा, तो विंडोजवर खरा विंडोजचा आहे. त्यात प्रत्येक खाण्यात टाइप करता येत नाही, तर खाली माल, नग, दर असे तीन रकाने ठेवा, एंटरने ओळ वर चढवा. दिवाणजींना तेच बरं पडेल बहुतेक. आणि नग-दरचं कारण ओळखीचं आहे, तुम्ही कोडमध्ये प्रत्येक वेळी आधी टेक्स्ट बॉक्स बनवला असेल आणि त्याचं लेबल नंतर. विंडोज बॉक्सच्या लगेच आधी बनलेलं लेबल त्याचं नाव धरतं, स्क्रीनवर कुठे दिसतंय त्याला काही अर्थ नाही. आधी लेबल, लगेच त्याचा बॉक्स, या क्रमाने बनवा.

फ्लेक्सबॉक्स_फाटा:

हे एचटीएमएलमध्ये लेबलला फॉर लावलं की होतं, क्रम कसाही असू दे.

कानाने_वाचतो:

लावता का पण?

फ्लेक्सबॉक्स_फाटा:

...बघतो आजच.

कृष्णाकाठ_कोडर:

क्रम बदलला, आता दर म्हणतंय. ग्रिड काढून लिस्ट लावली, सत्तरेक ओळींचा कोड उडाला. मामाला नवीन स्क्रीन दाखवली आणि ऑफिसवाला काय म्हणाला तेही सांगितलं, तर तो म्हणे दिसण्याचं राहू दे, मागच्या हंगामाची उधारी एका बटणात निघते का ते सांग. निघत नाही अजून. टेकडीताई, पायसाइडमध्ये लिहून बघायला तो उधारीचा रिपोर्ट घेतो, सुट्टा आहे, बिघडला तरी बिलिंग थांबणार नाही. चार्ट्स लावत नाही, काका.